ओली चुंबळ

यादीत माझं नाव होतं, हे आधीच सांगून टाकते. कारण नंतर हेडसरही तेच म्हणाले, नाव तर आहे ना तुझं, मग रडतेस कशाला. मी रडत नव्हते. माझे कान तापले होते, आणि कान तापले की माझे डोळे आपोआप चमकतात, त्याला मी काय करू. ऑफिसच्या बाहेरच्या फलकावर स्नेहसंमेलनाचा कागद लावला होता, निळ्या शाईत, गोटे सरांच्या त्या सुंदर तिरप्या अक्षरात. कार्यक्रम पाचवा : नित्याच्या वस्तूंनी स्वसंरक्षण, सादर करणार इयत्ता दहावीच्या मुली. खाली लाटणं, मग छत्री, मग फुंकणी, प्रत्येकीपुढे मुलीचं नाव, आणि चौथी ओळ, रुमाल-पाश : कु. कस्तुरा पंजाबराव. सगळ्यात खाली, जिथे कागद संपतो आणि टाचणी लावतात तिथे, पाणी-व्यवस्था : कु. भागिरथा देवमन पडघान. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला पायाखालची फरशी थंड लागली, जानेवारीतली सकाळची फरशी, आणि एकदम लक्षात आलं की मी चप्पल बाहेर काढून आले आहे, ऑफिसात जाताना काढतात तशी, आणि अजून आत गेलेलीही नाही. रुमाल-पाश. रुमाल नावाची वस्तू मी त्या मैदानावर कधी आणलीच नव्हती. मी आणली होती चुंबळ. पाण्याची घागर डोक्यावर नीट बसावी म्हणून लुगड्याच्या फडक्याची गोल वळलेली चुंबळ, आमच्या मायची, मूळची हिरवी आणि आता कुठल्याच रंगाची नसलेली.

गोटे सर आम्हाला पीटी शिकवतात. दिवाळीच्या सुट्टीत ते अमरावतीला शिबिराला जाऊन आले आणि येताना एक पुस्तिका घेऊन आले. मुलींनी जवळच्या वस्तूंनी स्वतःचं रक्षण कसं करावं, चित्रांसह. चित्रातल्या बाईच्या हातात पर्स होती, पायात उंच टाचेचे बूट होते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. आम्ही चौतीस मुली चित्राभोवती गोळा झालो आणि हसून हसून आडव्या पडलो. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात पर्स कोणाकडे आहे? किल्ल्या म्हणाल तर आमच्या दाराला कडी आहे, आणि कडीत घातलेला खिळा हेच आमचं कुलूप. छत्री होती काहींकडे, पण ती बापाची. सर आधी रागावले, मग तेही हसले, आणि मला ते त्या दिवशी फार आवडले, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासून त्यांच्यावर दात धरून होते. ते म्हणाले, "पुस्तक बंद. उद्या प्रत्येकीनं घरून एकेक वस्तू आणायची. जी रोज हातात असते ती. अन् तिचं काय होते ते आपण पाहू." दुसऱ्या दिवशी मैदान म्हणजे बाजार झालं होतं. लाटणी, पळ्या, रवी, उलथनं, सायकलचा पंप, एकीनं तर चाळणी आणली होती. तिला विचारलं हिनं काय करशील, तर म्हणाली गुंड चाळीन. सर एकेक वस्तू हातात घेत, तोलत, उलटसुलट करत. फुंकणीनं मनगटाच्या हाडावर कसं मारायचं, लाटणं मुठीत कसं धरायचं की दोन्ही टोकं कामाला येतील, छत्री उघडून समोरच्याचे डोळे कसे झाकायचे. आणि हे सगळं करताना आमच्या अंगात काहीतरी उतरत होतं. घरी मायला पळी देताना मी ती आधी हातात फिरवून पाहायला लागले. रस्त्यानं जाताना प्रत्येक वस्तूकडे बघून मनात म्हणायचे, तू काय करू शकतेस? पानठेल्यासमोरून जाताना मी पूर्वी मान खाली घालून जायचे, आता वर करून जात होते, आणि तिथल्या पोट्ट्यांची शीळ अर्ध्यावर थांबायची. हा बदल कुठून आला ते त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी पिशवीतून चुंबळ काढली आणि मैदानभर खिदळणं उसळलं. "वं भागी, सरायच्या डोक्शावर घागर ठेवतं का?" मागून कोणीतरी म्हणालं. सरांनीही भुवया उंचावल्या. मी म्हटलं, सर, हात पकडा माझा. त्यांनी पकडला. मी चुंबळ झटकली, ती उलगडून हातभर लांब फडकं झालं, ते मी त्यांच्या मनगटावरून टाकलं, दोन्ही टोकं खालून आणली, एकमेकांवर फिरवली आणि मागे न जाता बाजूला सरकले. मागे गेलं की ओढाओढी होते आणि ओढाओढीत पुरुष जिंकतो. बाजूला गेलं की त्याचंच वजन त्याला फिरवतं. सर गुडघ्यावर आले. खिदळणं थांबलं. ते उठले, धूळ झटकली, पुन्हा कर म्हणाले. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी खिशातून वही काढली आणि आकृती काढून घेतली, बाण वगैरे दाखवून. "कुठं शिकली?" त्यांनी विचारलं. आणि मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. बहात्तरच्या अकालात आम्ही किन्हीराजाला होतो, माय रस्त्याच्या कामावर खडी वाहायला जायची, मी शाळा सुटली की कामावर खायला वाटायच्या त्या सुकडीच्या आशेनं तिथे जायचे. मुकादम बायांच्या डोक्यावरचं टोपलं सारखं करायला यायचा, आणि त्याचा हात टोपल्यापर्यंत जायच्या आधी भलतीकडेच थांबायचा. एक दिवस मायनं टोपलं खाली आपटलं, डोक्यावरची चुंबळ उलगडली आणि तो गुडघ्यावर. बाभळीखाली बसून मी पाहिलं. मी उठले आणि घरापर्यंत पळत गेले, नाचत, फुफाट्यात पाय भाजत होते तेही कळलं नाही. हे सगळं मी वर्गातल्या मुलींना सांगितलं, हातवारे करून, मुकादमाचं तोंड कसं झालं तेही करून दाखवलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. कस्तुरानं, जी माझ्याच बाकावर बसते आणि जिच्या घरच्या मळ्यातली वांगी वाशीमच्या बाजारात जातात, माझा दंड दाबला आणि म्हणाली, "तुही माय भल्ली हाय वं."

आणि आता रुमाल-पाश. मी ऑफिसात गेले. हेडसर चहा पीत होते, गोटे सर खिडकीशी उभे होते, आणि मला पाहिल्याबरोबर ते खिडकीबाहेर असं पाहायला लागले की जणू मैदानावर काही उगवलं आहे. मी विचारलं, सर, हा डाव माझा आहे ना? हेडसरांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले डाव कोणाचा नसतो, डाव शाळेचा असतो. वाशीमहून साहेब येणार, त्यांच्यासमोर लाटणं ठीक, छत्री ठीक, पण चुंबळ म्हणजे कसं दिसेल. पाणवठा दिसेल. आणि त्यामागची ती मुकादमाची गोष्ट कोणाच्या तोंडून निघाली तर शाळेची शोभा. रुमाल कसा, स्वच्छ दिसतो. "अन् तुझ्यावर अन्याय नाही केला आम्ही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच माया होती, तेच मला सहन होईना. "उलट तुला अभिमान वाटला पाहिजे. साहेब तुझ्या हातचं पाणी पिणार. तुझ्या आजीच्या काळात झालं असतं का हे?" माझ्या आजीचं नाव भागिरथा होतं. तिचंच मला दिलं. ती विहिरीपासून वीस पावलांवर मडकं घेऊन उन्हात बसायची, कोणी वरून ओतलं तर आणायची, नाही ओतलं तर रिकामं आणायची. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली आणि पुढल्या उन्हाळ्यात ती त्याच विहिरीवर स्वतः दोर घेऊन गेली. हे हेडसरांना माहीत नव्हतं, पण त्यांनी तिला माझ्यासमोर आणून उभं केलं, आणि तिच्या हातात ट्रे दिला. मला बोलायचं होतं. माझ्याकडे हल्ली बोलायला पुष्कळ असतं, कोणी थांबवत नाही तोवर मी थांबत नाही, असं मराठीच्या बाईही म्हणतात. पण त्या वेळी मला वाटलं, हे गोटे सरांनी बोलावं. मी गोटे सरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "भागिरथा, कस्तुराला ती शेवटची पकड एकदा दाखवून देशील." म्हणजे वस्तू बदलली, नाव बदललं, मुलगी बदलली, आणि शिकवायला मात्र मीच.

घरी जाताना मी रस्त्यातल्या प्रत्येक वस्तूनं कोणाला ना कोणाला मारत गेले. सायकलच्या दुकानाबाहेरच्या टायरनं, बिब्ब्याच्या टोपलीनं, एसटीच्या पाटीनं. माय कापूस वेचून आली होती. अंगणात बसून लुगड्यात अडकलेल्या कपाशीच्या पात्या काढत होती. मी दारातूनच सुरू झाले. फलक, निळी शाई, रुमाल, मुकादमाच्या गोष्टीवर हेडसर काय म्हणाले ते, पाणी, साहेब. मला वाटलं होतं ती उठेल, पदर खोचेल, म्हणेल चाल, मी येतो तुह्या शाळेत. ती पात्या काढत राहिली. मग म्हणाली, "तू मुकादमाची गोष्ट शाळेत सांगतली?"

"सांगतली. समद्या पोरी टाळ्या वाजवत होत्या."

"कायले सांगतली?"

"कायले म्हंजे? तू त्याले गुडघ्यावर आनलं, माय. मी पाह्यलं."

"तू पाह्यलं," ती म्हणाली. "तू तं पयाली घराकडं. मंग काय झालं ते कोनं पाह्यलं?"

तीन वर्षं ही गोष्ट माझ्या डोक्यात होती आणि ती नेहमी मी पळत सुटले तिथेच संपायची. मला कधी वाटलंच नाही की मी गेल्यावरही ते ऊन तसंच राहिलं असेल, तो माणूस तसाच गुडघ्यावर असेल आणि माझ्या मायच्या मुठीत फडक्याची दोन टोकं असतील. ती हळूहळू सांगत होती, माझ्याकडे न पाहता, जणू पात्यांनाच सांगत होती. बाया थांबल्या होत्या. कोणी बोललं नाही, कोणी जवळ आलं नाही. "धरलं खरं, पन सोडू कशी? सोडलं तं मारते. नाई सोडलं तं कवरक धरून राहू? अन् उद्या काम तं त्याच्याच हाताखाली हाय. दुसरं कुठं काम होतं वं अकालात?" मग? मग तिनं सोडलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच रस्त्यावर गेली. त्यानं तिला पार टोकाला लावलं, जिथे दगड मोठे आणि सावली नाही, आणि सुकडी पोचेपर्यंत संपलेली. दीड महिना. तेव्हा रात्री मी तिचे पाय चेपायचे आणि विचारायचे नाही का दुखतात. "थे गोष्ट माही होती," ती म्हणाली. "तुले टाया पाह्यजे होत्या, तं तुही काई सांगाची होती." मी संतापलेली होते आणि माझा संताप वाटेतच उभा राहिला, कारण त्याला जायला दोन रस्ते झाले. सकाळपासून मी म्हणत होते की माझी वस्तू त्यांनी न विचारता उचलली. मी काय केलं होतं? मला त्या क्षणी हेडसरांचा अजूनच राग आला. त्यांच्यामुळे मला हे कळलं, म्हणून.

मग मायनं तुळईला अडकवलेली चुंबळ काढली, रांजणात बुडवली, आणि म्हणाली, "आन हात." मी हात पुढे केला. तिनं तो एका फेरात बांधला. मला माहीत होतं तेवढंच, पण ओल्या फडक्यात ते काही वेगळंच होतं. सुती लुगडं ओलं झालं की कातडीला चिकटतं, सुटत नाही. कामावरच्या बाया टाळू तापू नये म्हणून चुंबळ ओली करायच्या, तेव्हाही ती ओलीच होती. मी सुकी नेली होती मैदानात, आणि सरांनी गंमत म्हणून हात ढिला ठेवला होता. "बांधनं कोनालेबी येते," माय म्हणाली. "आता सोडाचं पाय. झटक्यानं नाई सोडाचं. मांगं नाई सरायचं. डोये खाली नाई करायचे. आपल्या मनानं सोडून राह्यलो, हे त्याले समजलं पाह्यजे." तिनं माझ्या डोळ्यांत पाहत एक टोक सैल केलं, मग दुसरं. माझ्या मनगटावर लाल कडं उठलं होतं.

संमेलनाच्या दिवशी मी पाणी भरलं. ठरवलं होतं की तोंडातून शब्द काढायचा नाही. विहिरीवरून मंडपापर्यंत सात खेपा केल्या, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घागर, घागर हिंदकळायची आणि चुंबळ ओली व्हायची, मानेवरून पाणी पाठीत उतरायचं. कस्तुराला मी शेवटची पकड दाखवली होती. ओल्याचं सांगितलं नव्हतं. ते विसरले होते असं नाही. मी पेले भरले, साहेबांना पेला दिला, त्यांनी माझ्याकडे न पाहता घेतला, हेडसर माझ्याकडे पाहून हसले. मग पाचवा कार्यक्रम लागला. गोटे सरांनी कोळशानं मिशी काढली होती आणि ते गुंड झाले होते. लाटण्यानं त्यांना मारलं, छत्रीनं आंधळं केलं, फुंकणीनं पळवलं. लोक खूश. माइकवर सरच सांगत होते, आता रुमाल-पाश. कस्तुरा आली, हातात तिच्या मामानं आणलेला गुलाबी रेशमी रुमाल. तिनं टाकला, फिरवला, सरकली. सर गुडघ्यावर जाणार इतक्यात पहिल्या ओळीतून साहेब हसत म्हणाले, "सर, जरा खरं ओढा की. आम्हाला पाहू द्या." सरांना ते लागलं. त्यांनी खरं ओढलं. रेशीम सरकन निघून आलं, आणि सर मागच्या मागे दोन पावलं गेले. हशा. पुन्हा. पुन्हा निसटलं. मंडपाच्या मागच्या बाजूला शिट्या सुरू झाल्या, आणि कस्तुराचं तोंड रुमालासारखं झालं. मी रंगमंचाच्या कडेला घागर घेऊन उभी होते. मला वाटलं होतं या क्षणी बरं वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. पण तिथे उभी होती ती कस्तुरा होती, आणि शिट्या त्याच होत्या, पानठेल्यावरच्या.

सरांनी मला पाहिलं. माझ्या डोक्याकडे पाहिलं. माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाले, "ए, ते फडकं दे इकडं." मी घागर उतरवली. चुंबळ हातात घेतली, पाणी गळत होतं. कस्तुरा पुढे आली, तिनं हात लांबवला, आणि मग तोच हात तिनं मागे घेतला. "तूच कर वं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "मले नाई जमत. हे तुह्यंच हाय." आणि ती बाजूला झाली. पायऱ्या चारच होत्या. सरांनी माझा हात पकडला, या वेळी गंमत म्हणून नाही. मी चुंबळ झटकली, पाण्याचे थेंब पहिल्या ओळीपर्यंत गेले. वरून टाकली, खालून आणली, फिरवली, बाजूला सरकले. त्यांनी ओढलं. सगळ्या अंगानं ओढलं. कापड त्यांच्या मनगटात रुतलं आणि ते एका गुडघ्यावर आले, मग दुसऱ्या. टाळ्या पडल्या. ते हसत, खालच्या आवाजात म्हणाले, "शाबास. सोड आता."

मी सोडलं नाही. दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती आणि मला कळत होतं की माय तेव्हा कुठे उभी होती. बाया थांबल्या होत्या, ऊन होतं, आणि पुढे काय करायचं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. फक्त मला शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "सर, ह्याले काय म्हणतात ते सांगा."

"भागिरथा, सोड."

"माइकवर सांगा. सोडतो."

टाळ्या थांबल्या होत्या. त्यांच्या कोळशाच्या मिशीतून घाम खाली येत होता. ते माझ्याकडे पाहत होते. मला वाटतं त्यांना ती वही आठवली असावी, बाणांची, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मध्येच कुठेतरी हरवला. त्यांनी मोकळ्या हातानं माइकचा दांडा खाली वाकवला. "ह्या वस्तूला चुंबळ म्हणतात," ते म्हणाले, आणि भोंग्यातून तो शब्द बसस्टँडपर्यंत गेला असेल. "हा डाव चुंबळीचा आहे. सादर करणार, कुमारी भागिरथा देवमन पडघान." साहेब पुढे झुकले होते. "कोणी शिकवला गं तुला?" त्यांनी विचारलं. मायचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं. केशरबाई. मला ते भोंग्यातून ऐकायचं होतं, इतकं ऐकायचं होतं की दात दुखले. "घरी शिकलो," मी म्हटलं. मग सरांच्या डोळ्यांत पाहत एक टोक सैल केलं. मग दुसरं. मागे सरले नाही. त्यांच्या मनगटावर लाल कडं होतं, त्याच्याकडेही पाहिलं नाही. फडकं पुन्हा गोल वळलं, डोक्यावर ठेवलं, कस्तुरानं घागर उचलून दिली आणि मी आठव्या खेपेला गेले, कारण मंडपातला रांजण अर्धा झाला होता.

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. माय चुलीपाशी होती. "सोडलं नीट?" तिनं एवढंच विचारलं.

"सोडलं."

"माहं नाव घेतलं?"

"नाई."

ती भाकरी थापत राहिली. दोन थापून झाल्या. "उद्या पयला तास कोनाचा हाय?"

"गोटे सरांचा. पीटी."

"जाशीन?"

मला उद्याचं मैदान दिसलं, रांग, सरांची शिट्टी, हेडसर व्हरांड्यात, आणि सगळ्यात टोकाची, सावली नसलेली जागा. "जाईन," मी म्हटलं. मायनं हात धुतले, माझ्या डोक्यावरची चुंबळ काढली. ती पिळेल आणि तुळईला अडकवेल असं मला वाटलं. तिनं ती तशीच ओली नेऊन माझ्या दप्तरावर ठेवली. वह्या भिजणार हे मला दिसत होतं. मी दप्तर तिथेच राहू दिलं.